रेसच्या मुठीतलं सूत

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा कर्मचारी होतो. डॉक्टर नव्हतो, पण तालुक्यातल्या गावांनी मला ‘डागतर’ करून टाकलं होतं आणि मीही कधी ‘नाही’ म्हटलं नाही. राहायला खारबावला. दिघाशीला कुणाची म्हैस अडली, कशेळीला कुणाच्या बैलाच्या खुरात खिळा गेला, की मोटरसायकलला किक मारायची आणि निघायचं. वाटेत कोणी आडवा आला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बायको शेवंता म्हणायची, “जनावरांशी किती गोड बोलता, मग माणसांनीच काय घोडं मारलंय?”

पण लिहायला बसलोय ते माझ्याबद्दल नाही. लहानू रोकडे मिस्त्रीबद्दल.

लहानूचं दुकान खारबावहून भिवंडीला जाताना फाट्यावर होतं. चार बांबू, वर पत्रे, मागे कुडाची भिंत. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तसबिरींना कधी धुळीचा कण नाही. खाली मात्र सगळं ऑइलचं राज्य. लहानू अंगाने किरकोळ, पण हाताचे पंजे मोठे, दुसऱ्याच कुणाचे तरी आणून लावल्यासारखे. बोलणं कमी. त्याची बायको जाईबाई दिवसभर दुकानातच, पान्यांच्या पेटीवर बसून नट-बोल्ट आकाराप्रमाणे डब्यांत लावत असायची. गिऱ्हाईक आलं की ती त्याचं म्हणणं लहानूकडे तोंड करून परत बोलून दाखवायची आणि बोलता बोलता हात हलवायची. “गाडी चढावर दम खाते, असं म्हणतायत.” “चेन उतरते, म्हणतायत.” लोकांना वाटायचं, बाई भोचक आहे, नवऱ्याला एक शब्द धड बोलू देत नाही. मलाही तसंच वाटायचं.

खरी गोष्ट मला जाईबाईनेच सांगितली, शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात. लहानू चहा आणायला गेला होता. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “डागतर, एक इचारू? गेलेले कान परत येतात का हो औषधानं?”

“कुणाचे?”

“ह्यांचे.”

लहानू दिघाशीचा. सोळाव्या वर्षी भिवंडीत लूमवर आला, पुढे जॉबर झाला. बंद पडलेला माग चालू करून देणारा तो जॉबर. चौदा वर्षं त्याने छप्पन मागांच्या खडखडाटात काढली. कारखान्याच्या बाहेर उभं राहिलं तरी बोललेलं कळत नाही, असा तो आवाज. आत तो अख्खी शिफ्ट. तिशी गाठेपर्यंत त्याचे कान गेले. पूर्ण नाही, समोरून मोठ्याने बोललेलं थोडं कळायचं, उरलेलं तो ओठांवरून घ्यायचा. जाईबाई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मागांच्या आवाजात कोणी तोंडाने बोलत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांनी. सूत तुटलं, शेठ आला, पाणी हवं, जेवायला चल, सगळ्याला खुणा. लग्न ठरलं तोवर या दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नव्हता, हे ती मला लाजत सांगत होती. पन्नाशीकडे झुकलेली बाई लाजताना फार छान दिसली.

“कुणाला सांगू नका,” ती म्हणाली. “बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण घालंल? इंजनाचा आवाजच ऐकू येत न्हाय म्हणतील.”

कानांना औषध नाही हे मी तिला सांगितलं, आणि कुणाला सांगणार नाही असंही. पहिलं खरं होतं.

त्या दिवसापासून मी लहानूचं काम नीट बघायला लागलो आणि थक्क झालो. बाकीचे मिस्त्री गाडी चालू करून कान देतात. हा पंजा टाकीवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि गप्प बसायचा. कधी गुडघा इंजिनला टेकवायचा, कधी केबल दोन बोटांत धरायचा. मुक्या जनावराच्या पोटावर हात ठेवून मी जे करतो तेच तो लोखंडाला करत होता. माझ्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं मला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर माझ्या मोटरसायकलची रेसची मूठ ढिली झाली. मूठ पिळली की आधी ती नुसतीच फिरायची, गाडीला काही कळायचंच नाही, आणि मग एकदम पुढे उडी. शिवाय मूठ दांडीवर लटलट हलायची. मी गाडी लहानूकडे नेली.

त्याने गाडी सुरूच केली नाही. मला सीटवर बसवलं आणि म्हणाला, “पिळा, सोडा. पिळा, सोडा.” मी पिळत होतो, सोडत होतो आणि वैतागत होतो. तो खाली बसून कार्बोरेटरवर तीन बोटं टेकवून होता. मूठ सोडली की कार्बोरेटरमधला छोटा पिस्टन खाली बसतो आणि ‘टक’ असा बारीक आवाज येतो. तो आला म्हणजे रेस पूर्ण बंद झाली. बाकीचे मिस्त्री ती टक ऐकतात. लहानू बोटांनी घ्यायचा.

मग त्याने मुठीचे दोन स्क्रू काढले, नळी ओढून काढली, पुसली, उजेडात धरून बघितली. केबल काढली. तिची एक तार आतून तुटलेली होती, ती मला दाखवली. नवी केबल तेल पाजून घातली. हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे वळवून दोन्हीकडे पिळून पाहिलं. सगळं करायला दोन तास लागले आणि माझा पारा चढत गेला. शेवटी मी मूठ हातात घेतली तर थोडी ढील होतीच.

“अरे, ही अजून हलतेय!”

जाईबाईने हात हलवले. लहानू हसला. “थोडी ढील पायजेच, डागतर. दोन तांदूळ मावतील इतकी. हांडल वळलं का केबल ताणते. ढील न्हाय ठेवली, तर वळणावर गाडी आपल्या मनानं रेस खाते. आन ही मुठीची नळी झिजलीय, ती लटलटणार. नवी आली का बसवतो. तवर हलू द्या. हलली तरी माघारी येते ना? माघारी आली पायजे, बस.”

मी मान हलवली, पण पटलं नव्हतं. ढिलं ते ढिलं, असं माझं साधं गणित.

चार दिवसांनी भिवंडीत केसरीनाथ भोईरच्या लूमच्या कारखान्यावर गेलो. कारखान्याच्या मागे त्याने सहा म्हशी ठेवल्या होत्या, त्यांना इंजेक्शनं द्यायची होती. काम उरकून गाडीवर बसलो, तर मूठ लटलट. समोर सुताचा गुंता पडलेला. भिवंडीत काहीही ढिलं झालं की सूत गुंडाळतात. छत्रीचा दांडा, कोयत्याची मूठ, नळाची चावी, खुर्चीचा पाय. माझ्या घरात चष्म्याच्या काडीपासून खाटेच्या खुरापर्यंत सूत होतं. कोणी विचार करत नाही, हात आपोआप सुताकडे जातो. मीही गेलो. दोन स्क्रू काढले, नळी ओढली, खालच्या दांडीवर वीसेक वेढे घट्ट मारले आणि नळी वर दाबून बसवली. मूठ नव्यासारखी घट्ट. लहानूला दोन तासांत जे जमलं नाही ते मी दहा मिनिटांत केलं, या आनंदात शीळ घालत खारबावला आलो. कुणाला सांगितलंही नाही. छत्रीला सूत गुंडाळलं तर कोणी सांगत फिरतं का?

नऊ दिवस गाडी छान चालली. दहाव्या दिवशी संध्याकाळी केसरीनाथच्या गोठ्यातच पाण्याची नळी घेऊन गाडी धुतली, शेणाने भरली होती म्हणून. हँडलवरही पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कशेळीला निघालो. सरळ रस्त्याला काही कळलं नाही. खाडीच्या अलीकडच्या वळणावर मी मूठ सोडली, आणि मूठ माघारी आली नाही. हात सोडला तरी ती तिथेच अडकलेली. गाडी गुरगुरत पुढे. समोरून ट्रक. चावी बंद करावी हे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. मी गाडी खाडीच्या चिखलात घातली.

जीव वाचला. खांद्याचं हाड मोडलं. गाडी ओढून केसरीनाथच्या गोठ्यात नेऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून मी घरातून बाहेर पडलो. शेवंता नको नको म्हणत होती. ओळखीच्या एकाच्या स्कूटरवर मागे बसून थेट फाट्यावर. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, शेजारच्या चहाच्या टपरीवर आणखी दहा. इतके जण बघतायत याने मला उलट जास्तच चेव आला.

“मारलं असतंस मला!” मी ओरडलो. “मूठ माघारी येते म्हणालास ना? कुठे आली? मी मेलो असतो त्या दिवशी!”

लहानू पाना हातात घेऊन उभा राहिला. जाईबाईने माझं बोलणं त्याला सांगायला हात उचलले.

“सांग, सांग त्याला!” मी म्हणालो. “ऐकू येत नाही ना त्याला! लोकहो, बहिरा आहे हा ठार! रेस बंद झाल्याची टक याला ऐकूच येत नाही, आणि तुम्ही याच्याकडे गाड्या देताय!”

जाईबाईचे हात हवेतच थांबले. मग तिने ते खाली घेतले, पदरात गुंडाळले. ते शब्द तिने त्याला सांगितले नाहीत. सांगायची गरजही नव्हती. लहानू माझ्या ओठांकडे बघत होता. त्याने सगळं घेतलं होतं, एकूण एक शब्द. तो वळला आणि हातातला पाना जागेवर टांगला.

मी घरी आलो. शेवंताने भाकरी वाढली, पण महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. “दिलेला शब्द होता,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, “माझं हाड मोडलंय.” ती म्हणाली, “ते जुळेल.”

फाट्यावरचं दुकान रिकामं पडलं. गाड्या पुढच्या गॅरेजला जाऊ लागल्या. हे मला स्कूटरवाल्याने सांगितलं तेव्हा मी “बरं झालं” म्हटलं, पण ते म्हणताना तोंडाची चव गेली. रागाची एक गंमत असते. तो असेपर्यंत आपण बरोबरच असतो. गेला की मागे काय काय पडलंय ते दिसायला लागतं.

महिन्याने जाईबाई आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. शेवंताने हाताला धरून आत घेतली, पाणी दिलं. पाणी न पिताच ती बोलली.

“डागतर, भांडाय न्हाय आले. ह्यांनी निरोप दिलाय. गाडी एकदा दुकानावर आणा. ह्यांना उघडून बघायची हाय.”

“आता बघून काय करायचं?”

“चूक कुठं झाली ते बघायचंय. महिना झाला, माणूस झोपत न्हाय. बंद गाडीची मूठ पिळतो, सोडतो, बोटं लावतो. म्हणतो, जाई, तवा टक लागली होती का न लागताच मला लागल्यासारखी वाटली?” तिने पेला बाजूला ठेवला. “चूक ह्यांच्या हाताची निघाली तर दुकान बंद. कशेळीच्या गोदामात वाचमनची ड्युटी हाय, तिथं लागतो म्हणतात. कान गेले तवा रडले न्हाईत हो. आता हातावरचा भरवसा जातोय.”

मला हो म्हणावंच लागलं. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. माझं बरोबर होतं हे सगळ्यांसमोर ठरू दे, अशी खोट अजून मनात होती. म्हणूनच मी रविवार निवडला, गाडी टेम्पोत घातली आणि केसरीनाथलाही बरोबर घेतलं. एके काळी लहानू त्याच्याच लूमवर जॉबर होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन.

रविवारी फाट्यावर बरीच माणसं जमली. लहानूने स्वच्छ शर्ट घातला होता. गाडीला नमस्कार करावा तसा त्याने आधी टाकीवर पंजा ठेवला. चिखल तसाच वाळलेला. त्याने मूठ पिळली. कुरकुरत फिरली. सोडली. आली नाही.

त्याचा चेहरा पडला. त्याच्या हाताखालून गेलेली मूठ होती ती, आणि ती माघारी येत नव्हती. जाईबाई पेटीवर बसली होती. तिने तोंड फिरवलं.

त्याने कार्बोरेटर उघडला. स्वच्छ. केबल सोडवली आणि बोटांत धरून मागेपुढे ओढली. सळसळ चालत होती. तो थबकला. कपाळावर आठी आली. मग तो मुठीकडे वळला, स्क्रू-ड्रायव्हर लावला, एक स्क्रू काढला, दुसरा काढला.

इतके दिवस, इतक्या रात्री, इतका आरडाओरडा, आणि मला ते एकदाही आठवलं नव्हतं. आता आठवलं. माझेच हात दिसले, वेढे मारताना.

नळी येईना. लहानूने ती पिळून पिळून ओढली, आणि ती एकदम सुटली. खाली पाणी पिऊन फुगलेलं, गंजाने लाल झालेलं, दांडीला चिकटलेलं सूत.

लहानू त्याच्याकडे बघत राहिला. चौदा वर्षं सुतात काढलेला माणूस, त्याला ओळखायला काय वेळ लागणार? त्याने नखाने एक टोक सोडवलं आणि वेढे उलगडले. मग जाईबाईकडे बघून दोन बोटं एकमेकांवर घासली. ती खूण मला माहीत नव्हती, पण कळली. सूत.

“काय रे लहानू, काय निघालं?” केसरीनाथने मागून विचारलं. लहानूची पाठ होती, त्याला ते ऐकू गेलंच नाही. जाईबाईने मात्र ऐकलं. ती उठली. तिला सगळ्यांना ओरडून सांगता आलं असतं, तिचा हक्क होता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्ही सांगा, डागतर.”

आयुष्यभर माझा आवाज कधी कमी पडला नव्हता. त्या क्षणी तो शोधावा लागला. माणसं माझ्याकडे बघत होती.

“सूत निघालं,” मी म्हणालो. “मी गुंडाळलं होतं. मूठ लटलटत होती म्हणून, केसरीनाथच्या कारखान्यावर. नंतर गाडी धुतली, सूत फुगलं. लहानूने काही चुकवलं नव्हतं. सगळं माझ्या हातानं झालं.”

केसरीनाथने नुसतं “अरेरे” केलं. मी सुटलो, असं मला वाटलं. झालं एकदाचं.

पण जाईबाई जागची हलली नाही. “त्यांची पाठ होती,” ती म्हणाली. “त्यांना ऐकू गेलं न्हाय.”

“तुम्ही सांगा ना त्यांना, वहिनी.”

“न्हाय. तवा मी न्हाय सांगितलं, आता बी न्हाय सांगणार. तवा तुमच्या तोंडावरून घेतलं त्यांनी. हे पण तुमच्याच तोंडावरून घेऊ द्या.”

तिने लहानूच्या खांद्याला हात लावून त्याला माझ्याकडे वळवलं. तो सूत हातात धरून उभा. त्याचे डोळे माझ्या ओठांवर आले, त्या दिवशी आले होते तसेच. मी दोन पावलं पुढे गेलो. सगळं पहिल्यापासून परत सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द तोंड पूर्ण उघडून, मध्ये त्याला कळतंय ना ते बघत. ‘बहिरा’ हा शब्दही परत म्हणालो, कारण त्याची माफी मागायची होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसलं तर हात तोंडावर येईल आणि त्याचा शब्द चुकेल, म्हणून पुसलं नाही.

माझं बोलून झालं. लहानूने सूत खाली ठेवलं. मग आपल्या उजव्या हाताची तीन बोटं त्याने वर करून बघितली, आत-बाहेर, जणू कुणाकडे उसनी दिलेली परत मिळाली.

मग खाली बसून त्याने दांडी रॉकेलने पुसली, नवी नळी काढून बसवली, केबल जोडली, आणि मला सीटवर बसायची खूण केली. मी एका हाताने मूठ पिळली, सोडली. तो कार्बोरेटरला बोटं लावून बसला होता. टक माझ्या कानावर आली, त्याच्या बोटांना लागली, आणि त्याने मान वर केली.

“थोडी ढील ठेवलीय, डागतर,” तो म्हणाला. “चालंल?”

मी ‘हो’ म्हणालो. त्याला नीट दिसावं म्हणून तोंड उघडून परत म्हणालो.

त्यानंतर ते दुकान अकरा वर्षं चाललं. लहानू बहिरा आहे हे आता सगळ्यांना माहीत होतं. लोक येऊन आधी त्याच्या खांद्याला हात लावायचे, तो वळला की समोरून सावकाश बोलायचे. मीही तसंच बोलायचो. सावकाश बोलायचं म्हटलं की ओरडता येत नाही, हे मला तिथे कळलं.